आदेश तोंडी, ठपका लेखी: आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालकांना खुलं पत्र

मा. संचालक मंडळ यांस,
स. न. वि. वि.

कंपनीचं नाव या पत्रात मुद्दामच घातलेलं नाही. तुमची अब्रू झाकायची म्हणून नव्हे. आत अजून काम करणाऱ्यांचे पगार तुमच्याकडे अडकलेले आहेत, आणि नाव बाहेर आलं की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडेल, एवढं मला तिथे राहून कळलंय. तुम्हाला ओळख पटेलच.

आता उघड पत्र का, ते सांगते. मिरजेचा माझा मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या प्लेसमेंट ग्रुपवर आलेली एक पीडीएफ त्याने मला पाठवली. "ताई, ही तुझीच जुनी कंपनी ना? अप्लाय करू का?" पॅकेज साडेतीन लाख. बाँड दोन वर्षांचा, मधेच सोडलं तर दोन लाख भरायचे. जॉइन होताना दहावीपासूनच्या मूळ गुणपत्रिका कंपनीकडे "सुरक्षित ठेवण्यासाठी" जमा करायच्या. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: "आमच्याकडे कुटुंबासारखं वातावरण आहे."

म्हणजे तुम्ही सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या कॉलेजांत जाऊन फ्रेशर्सची भरती करणार आहात. आहेत त्यांचे पगार ज्या कंपनीने गेल्या दिवाळीपासून वेळेवर दिलेले नाहीत, ती नवी मुलं कशाच्या जोरावर घेते आहे? हे त्या पोराला फोनवर समजावताना माझीच पंचाईत झाली. म्हणून लिहायला बसले.

याआधी मी ई-मेल केले होते. आधी एचआरला, आणि एचआरच्या मॅडमनीच नोकरी सोडल्यावर थेट तुम्हाला. उत्तर आलं ते फोनवर. "अगं, समोर बसून बोलू ना. मेलामेली कशाला?" सर, मेलामेली एवढ्याचसाठी की तुमच्याकडे जवळपास चार वर्षं काढल्यावर कंपनीचा एकच नियम मला पक्का कळला आहे: आदेश तोंडी, ठपका लेखी. काय करायचं ते व्हॉट्सॲप कॉलवर सांगितलं जाणार. कधीपर्यंत करायचं ते लिफ्टपाशी. पगार कधी होणार ते खाली चहाच्या टपरीवर. आणि काही बिनसलं की मात्र लगेच लेटरहेड, सही, शिक्का, सीसीमध्ये अख्खं ऑफिस. माझ्या सगळ्या तक्रारी घोळून घोळून इथेच येतात.

तक्रारींआधी एक गोष्ट कबूल करायला हवी, म्हणजे हे जळफळाटातून लिहिलंय असं कुणाला वाटणार नाही. छोट्या हॉस्पिटलांसाठीचं आपलं सॉफ्टवेअर चांगलं होतं. तालुक्याच्या गावातलं तीस-चाळीस खाटांचं हॉस्पिटल, दोन डॉक्टर नवरा-बायको, खाली मेडिकल, वर वॉर्ड. अशा लोकांना मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर परवडत नाहीत आणि झेपतही नाहीत. आपलं सॉफ्टवेअर मराठीत पावती छापायचं, इंटरनेट गेलं तरी हॉस्पिटलमधल्याच सर्व्हरवर चालायचं, आणि काउंटरवर बारावी झालेली मुलगी दोन दिवसांत ते शिकायची. बिलिंग आणि औषध दुकानाचं मॉड्यूल मी सांभाळत होते. ते लिहिणारी पहिली टीम हुशार होती आणि ती टीम तुम्हीच जमवली होती. त्यातलं आज कुणी उरलेलं नाही. का उरलं नाही, हा प्रश्न तुम्ही स्वतःला कधी विचारलात?

औषध दुकानाच्या बिलांचं प्रकरण सविस्तर लिहिते, कारण बाहेर त्याची एकच बाजू गेली आहे.

आपल्याकडे औषधाचा साठा स्ट्रिपमध्ये मोजला जायचा. दर स्ट्रिपचा, शिल्लकही स्ट्रिपची. एका हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आपल्या विक्रीच्या माणसाला सांगितलं, पेशंट सुट्या गोळ्या मागतात, चार गोळ्यांचं बिल करता आलं पाहिजे. मागणी अगदी रास्त होती. विक्रीच्या माणसाने ती शुक्रवारी संध्याकाळी तुम्हाला फोनवर सांगितली. तुम्ही टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाला व्हॉट्सॲप कॉल केलात आणि सोमवारी सकाळी चालू करून देतो, असा शब्द डॉक्टरांना देऊन मोकळे झालात.

सांगायला हे काम एका ओळीचं आहे. पण स्ट्रिपची गोळी करायची तर साठा, विक्रीचा दर, खरेदीची नोंद आणि परत आलेला माल अशा चार ठिकाणी हात घालावा लागतो. प्रत्येक स्ट्रिप दहाचीच नसते. पंधराची असते, सहाची असते. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला तर गोळ्याच नसतात. आधी जुन्या सगळ्या नोंदी नव्या मापात आणायच्या, वेगळ्या सर्व्हरवर महिनाभराची बिलं पुन्हा काढून ताळा जुळतो का बघायचं, मग चढवायचं. घाई केली तरी दोन आठवडे. त्या मुलाला शनिवार-रविवार मिळाला. त्याने पडद्यावरचं माप गोळीत बदललं. खालचा साठा आणि दर स्ट्रिपचेच राहिले. तपासायला टेस्ट सर्व्हर नव्हता, कारण महिन्याचं भाडं वाचवायला तुम्ही तो बंद केला होता. मला हे कळलं शनिवारी रात्री, मुलाचा घाबराघुबरा फोन आला तेव्हा. मी तुम्हाला मेसेज टाकला की जुना साठा बदलल्याशिवाय हे चढवू नका. तुमच्याकडून उत्तर म्हणून आला एक अंगठा. तो होकार होता की नुसतं "वाचलं" होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. रविवारी मुलाला पुन्हा तुमचा कॉल गेला आणि त्याने एनीडेस्कवरून (दुरून दुसरा कॉम्प्युटर चालवायच्या ॲपवरून) हॉस्पिटलच्या चालू सर्व्हरवर ते चढवलं.

सोमवारी सकाळी काउंटरवरच्या मुलीने ३० रुपयांच्या स्ट्रिपसाठी १० गोळ्या टाकल्या. बिल आलं ३०० रुपये. साठ्यातून एकाऐवजी दहा वजा. अकराच्या सुमाराला पडद्यावर निम्म्या औषधांची शिल्लक शून्य, आणि मागचे कप्पे मात्र भरलेले. डिस्चार्ज मिळालेले लोक रिक्षा थांबवून मेडिकलसमोर उभे. काहींनी दहापट पैसे भरलेसुद्धा, कारण कॉम्प्युटरवरचं बिल चुकेल असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी जुनं बिलबुक काढलं आणि दिवसभर हाताने पावत्या फाडल्या.

मंगळवारी दुपारी त्या मुलाला कारणे दाखवा नोटीस गेली. निष्काळजीपणा, कंपनीच्या प्रतिमेची हानी, नुकसानभरपाई वसूल का करू नये, वगैरे. तशीच नोटीस टेस्टिंगच्या मुलीलाही गेली. तिला तर हे काम दाखवलंच नव्हतं. चढवलंय हे तिला सोमवारी ऑफिसात आल्यावर कळलं. हुकूम ज्या कॉलवर दिला, त्या कॉलमध्ये काय ठरलं याची कुठे ओळभर नोंद नाही. दोघांचे पगार थांबले, दोघांनी राजीनामे दिले, आणि दोघांचीही रिलीव्हिंग लेटर्स, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याची पत्रं, अजून तुमच्या टेबलावर आहेत.

त्या सोमवारी आणखी एक गोष्ट उघड झाली. ती नोटिशीत नाही. बिघाड झाल्यावर आम्ही रात्रीचा बॅकअप परत चढवायला गेलो. बॅकअप त्याच सर्व्हरच्या त्याच डिस्कवर पडत होता. डिस्क कधीच भरून गेली होती, त्यामुळे कित्येक आठवड्यांच्या फायलींचा आकार शून्य होता. फाइल रोज बनते आहे एवढं बघून सगळे निर्धास्त होते. उघडून कुणी पाहिली नव्हती. रोजचा बॅकअप तपासायला एक माणूस द्या, ही मागणी मी आढावा बैठकीत मांडली होती. बैठकीचं इतिवृत्त निघालं नाही, कारण आपल्या बैठकांचं इतिवृत्त कधीच निघत नाही.

चुका सगळीकडे होतात. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून गेला, आणि पाऊण तासात कंपनीचे सुमारे ४४ कोटी डॉलर बुडाले. हाताने चढवण्याची किंमत किती असू शकते, ते यावरून कळावं. पण मला जास्त आठवतं ते प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीचं प्रकरण. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसच पुसला. मग लक्षात आलं की बॅकअपच्या पाच पद्धती असूनही एकही नीट चालत नव्हती. नशिबाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली. मधल्या सहा तासांचं काम गेलं ते गेलंच. त्या कंपनीने काय केलं? दुरुस्ती चालू असताना ती यूट्यूबवर थेट दाखवली, नंतर कुठे काय चुकलं याचा सविस्तर अहवाल जाहीर केला, आणि त्या इंजिनिअरला घरी पाठवलं नाही. बटण कुणी दाबलं यापेक्षा, चुकीचं बटण दाबलं जाईल अशी व्यवस्था कुणी ठेवली, हे त्यांनी शोधलं. आपल्याकडे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की चौकशी संपते.

कामाच्या तासांबद्दल फार लिहीत नाही, आयटीत सगळ्यांचंच रडगाणं आहे. फक्त टाइमशीटचा उल्लेख करते. आपल्या टाइमशीटमध्ये दिवसाला नऊच्या वर आकडा टाकला की लाल अक्षरांत चूक दाखवते. (अख्ख्या कंपनीत काटेकोर तपासून सोडलेला तेवढा एकच कोड.) रात्री अकरापर्यंत बसलेला माणूसही नऊ भरून घरी जातो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, आणि जादा कामाला दुप्पट दराने मोबदला आहे. कागदावर आपल्याकडे जादा काम होतच नाही, मग मोबदल्याचा प्रश्न येतोच कुठे! त्याच कायद्यात रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था लागते. रिलीजच्या, म्हणजे नवी आवृत्ती द्यायच्या, रात्री आम्ही मुली आपापल्या पैशांनी कॅब करून, एकमेकींना लोकेशन पाठवत घरी जायचो. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीचा फलक पँट्रीबाहेर आहे. त्यावरच्या दोघी कधीच कंपनी सोडून गेल्या आहेत.

पैशांच्या मुद्द्यावर मात्र जरा थांबून लिहिणार आहे.

पगार उशिरा होतो, एवढंच असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. छोट्या कंपनीत पैशांची ओढाताण होते. हॉस्पिटलांची सरकारी योजनांची बिलं अडकली की आपली वसुली अडकते, हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण पगाराच्या स्लिपवर पीएफची कपात दर महिन्याला छापली जाते आणि ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पासबुकात त्या महिन्यांची ओळच नाही, याचा उलगडा वसुलीने होत नाही. तो पैसा कंपनीचा नाहीच. तो आमच्या पगारातून कापून घेतलेला आमचा पैसा आहे. कापल्यावर पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत तो भरावा लागतो, आणि न भरणं हा फौजदारी विश्वासघात ठरतो. बैठकीत कुणीतरी धीर करून विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पोर्टलला प्रॉब्लेम आहे." सरकारी पोर्टलला प्रॉब्लेम असतो हे अख्खा देश मान्य करेल. पण महिनोन् महिने, आणि आपल्या एकाच कंपनीपुरता?

टीडीएसचं, म्हणजे पगारातून कापलेल्या आयकराचं, तेच. आमच्यातल्या एकाने घरासाठी कर्ज काढायला घेतलं. बँकेने फॉर्म १६ (कर कापल्याचा कंपनीने द्यायचा दाखला) आणि २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा सरकारी उतारा) मागितले. स्लिपवर कर कापलेला, २६एएसमध्ये त्याचा पत्ता नाही. फॉर्म १६ दरवर्षी १५ जूनपर्यंत हातात पडायला हवा. तो आलाच नाही. कापलेला कर कंपनीने भरला नाही तर तो कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असं आयकराचा कायदा सांगतो. पण व्यवहारात रिफंड अडकतो, पोर्टलवर मागणीची नोटीस दिसते, आणि बँकेचा माणूस कर्मचाऱ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागतो. त्याचं कर्ज नामंजूर झालं. बिल्डरकडे भरलेली बुकिंगची रक्कम परत मिळवायला तो अजून खेटे घालतोय.

आणि याच काळात दुसऱ्या मजल्यावर नवी कॉन्फरन्स रूम झाली. इटालियन मार्बलची. मला त्या मार्बलचा राग नाही, खरंच नाही. पण ते बसवणाऱ्या कंत्राटदाराला आगाऊ पैसे मिळाले होते, हे त्यानेच आम्हाला कौतुकाने सांगितलं.

सोडून जाणाऱ्याचे हाल तर विचारू नका. नोटीस पिरियड आमच्यासाठी ९० दिवसांचा. कंपनीला काढायचं असेल तर "तात्काळ". ९० दिवस इमानेइतबारे भरले तरी शेवटच्या दिवशी कळतं की एफ अँड एफ (शेवटचा हिशोब) ४५ दिवसांनी, मग ६० दिवसांनी, मग "फायनान्सला विचारा". फायनान्स म्हणजे एक गृहस्थ, तेही आता अर्धवेळ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत हिशोब स्वच्छ लिहिलेला आहे: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आणि नोकरी सुटल्यावर राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत, राजीनामा दिला असला तरीही. रिलीव्हिंग लेटर अडकवून ठेवायची युक्ती त्याहून वाईट. नव्या कंपनीचे पडताळणीवाले ते पत्र मागतात, आणि ते नसेल तर हातातली ऑफर जाते. त्या मुलाची एक गेली.

बाँडबद्दल तुमच्या बाजूनेही बोलते. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात, ठरावीक वर्षं नोकरी न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. त्यामुळे बाँड म्हटलं की बेकायदा, असं सरसकट म्हणण्यात अर्थ नाही. पण त्या बँकेला भरतीसाठी जाहिरात, परीक्षा, मुलाखती असा खर्चिक मार्ग पाळावा लागतो, हा त्या निकालातला एक आधार होता. आपला खर्च काय? फ्रेशरला पहिले तीन आठवडे आम्ही जुने व्हिडिओ दाखवायचो आणि चौथ्या आठवड्यात क्लायंटसमोर "दोन वर्षांचा अनुभव" म्हणून बसवायचो. दोन लाख कशाचे, ते एकदा कागदावर मांडून दाखवा. आणि मूळ गुणपत्रिका कपाटात कुलूप लावून ठेवणं कुठल्या निकालात बसतं, तेही सांगा. तुमच्या केबिनमागच्या त्या राखाडी गोदरेज कपाटात आजही सोडून गेलेल्या मुलांचे प्लास्टिकचे फोल्डर आहेत. एम.टेक.च्या प्रवेशासाठी मूळ गुणपत्रिका हव्यात म्हणून एक मुलगी रिसेप्शनवर दुपारभर बसून होती. तिला सांगितलं, किल्ली सरांकडे आहे आणि सर मुंबईला आहेत. तुम्ही आत होतात.

आणखी एक मुद्दा पेशंटांचा आहे, ज्यांना आपली कंपनी अस्तित्वात आहे हेही ठाऊक नाही. टेस्ट सर्व्हर नाही, म्हणून चालू हॉस्पिटलांचा सगळा डेटा आमच्या लॅपटॉपवर उतरवून काम चालतं. नाव, मोबाइल नंबर, एचआयव्हीच्या तपासण्या, गर्भपाताच्या नोंदी, सगळं उघडं. सोडून गेलेल्यांनी लॅपटॉप परत केले तेव्हा ते पुसले की नाही, हे कुणी विचारलं नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तयारीला मुदतही मिळाली. डेटा नीट न सांभाळल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पण दंडाआधी त्या डॉक्टरांचा विचार करा. गावात त्यांचं नाव आहे, आणि पेशंट विश्वास टाकतो तो त्यांच्यावर.

माझ्या मागण्या लिहिते. एकही अशी नाही की जी मान्य केल्याने कंपनी बुडेल.

थकलेले पगार आणि सोडून गेलेल्यांचे हिशोब कोणत्या तारखेला किती देणार, याचं वेळापत्रक प्रत्येकाला ई-मेलवर द्या. एकदम जमत नसेल तर हप्ते करा. तारीख पाळता आली नाही तर ती उलटण्याआधी कळवा.

कापलेला पीएफ आणि टीडीएस व्याजासकट भरा आणि त्याची चलनं कर्मचाऱ्यांना दाखवा. ही मागणी पहिल्या मागणीच्या आधी पूर्ण झाली तरी कुणाची हरकत नसेल.

कपाटातल्या सगळ्या मूळ गुणपत्रिका ज्यांच्या त्यांना स्पीड पोस्टाने परत पाठवा आणि नव्या जाहिरातीतली ती अट काढा. बाँड ठेवायचा असेल तर रकमेचा हिशोब आणि प्रशिक्षणाचा तपशील ऑफर लेटरसोबत द्या. कॅम्पसला जाण्याआधी त्या कॉलेजांच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना गेल्या सहा महिन्यांत पगार कोणत्या तारखांना झाले ते लिहून द्या. ते वाचूनही मुलं आली तर आनंदाने घ्या.

हॉस्पिटलच्या चालू सर्व्हरवर कुठलाही बदल लेखी मागणी, करणाऱ्याचं नाव, तपासणाऱ्याचं नाव आणि परवानगी देणाऱ्याचं नाव असल्याशिवाय चढणार नाही, असा नियम करा. शेवटचं नाव तुमचं असेल तर तुमचं. टेस्ट सर्व्हर पुन्हा चालू करा. त्यात खऱ्या पेशंटांची नावं-नंबर नकोत. महिन्यातून एकदा एका हॉस्पिटलचा बॅकअप परत चढवून बघा. त्या सोमवारी ज्यांनी जास्त पैसे भरले त्यांची यादी सर्व्हरवर आहे. ती काढून डॉक्टरांना द्या आणि पैसे परत करायला मदत करा. यादी कशी काढायची ते मी फुकट सांगेन.

टाइमशीटमधली नऊची अट काढा आणि खरे तास भरू द्या. अंतर्गत समिती नव्याने नेमा.

ईपीएफओकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि पुण्यात अपर कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, हे तुम्हालाही माहीत आहे. पीएफबद्दलची माझ्यापुरती तक्रार मी नोंदवली आहे. ही धमकी नाही. मागून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून सांगितलं. आत असलेल्यांपैकी कुणी हे पत्र लिहायला मला सांगितलेलं नाही, आणि कुणाला केबिनमध्ये बोलावून "कोण सामील आहे" असं विचारू नका.

राहिली ती दोन मुलं. त्यांच्या नोटिसा मागे घ्या, थांबवलेला पगार द्या, आणि रिलीव्हिंग लेटर व अनुभवपत्र आठवडाभरात ई-मेलवर पाठवा, मूळ प्रत मागाहून चालेल. मजकूर नेहमीचाच ठेवा: नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख. त्या मुलाची दुसरी ऑफर याच महिनाअखेरपर्यंत खुली आहे.

कळावे,

आपली,
माजी टेक लीड, बिलिंग व फार्मसी विभाग
पुणे